आखाडा बंद होतो तेव्हा

'विलीनीकरण' हा शब्द आपल्या कानांवरून वारंवार जातो. बँका विलीन होतात, कंपन्या विलीन होतात, कधी राजकीय पक्षही एकमेकांत विलीन होतात आणि ती बातमी बहुधा एखाद्या मंगलकार्यासारखी सांगितली जाते. शब्दच मोठा गोड आहे. नदी सागरात विलीन होते, अशी आपली कल्पना. पण विलीन होणाऱ्याचे नेमके काय होते? त्याचे काय उरते आणि काय जाते? त्याच्या आधाराने वाढलेल्या माणसांच्या पदरात काय पडते? अर्थशास्त्राच्या ग्रंथांत या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत दिलेली असतात. प्रस्तुत लेखात तेच प्रश्न एका खेळाच्या उदाहरणावरून तपासायचे आहेत. हा खेळ अमेरिकेतला असून आपल्याकडे त्याची ओळख तशी अलीकडचीच आहे. तरीही कुस्तीचा फड ज्याने पाहिला आहे त्याला तो समजायला जड जाणार नाही.

उदाहरण आहे 'वर्ल्ड एक्स्ट्रीम केजफायटिंग' या संस्थेचे. संक्षेपाने तिला 'डब्ल्यूईसी' म्हणत. लढती भरवणे, मल्लांशी करार करणे आणि त्या लढती दूरचित्रवाणीवरून लोकांना दाखवणे हा तिचा व्यवसाय. या संस्थेचा शेवटचा कार्यक्रम १६ डिसेंबर २०१० रोजी ॲरिझोना राज्यातील ग्लेनडेल येथे झाला. त्यानंतर 'अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप', म्हणजे 'यूएफसी', या थोरल्या संस्थेत ती विलीन झाली आणि तिचे नाव कायमचे पुसले गेले.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. या खेळाला 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' म्हणतात. मुष्टियुद्ध, कुस्ती, ज्यूदो, तायक्वांदो, ब्राझीलमधील जुजुत्सू अशा निरनिराळ्या विद्यांचा यात मेळ असतो. सामना जाळीच्या पिंजऱ्यात होतो. ठोसा मारता येतो, लाथ मारता येते, प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटता येते, जमिनीवर लोळवून त्याच्या हातापायाला पीळ देता येतो किंवा गळा आवळता येतो. ज्याला हे सहन होत नाही तो हाताने थापट्या मारून हार मान्य करतो. निकाल तीन प्रकारे लागतो. एक, प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडला किंवा लढण्याच्या स्थितीत नाही असे पाहून सरपंच सामना थांबवतो. दोन, प्रतिस्पर्धी शरण येतो. तीन, वेळ संपल्यावर तीन पंच गुण मोजतात. साध्या सामन्यात पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात आणि अजिंक्यपदाच्या सामन्यात पाच. प्रत्येक फेरीत सरस ठरलेल्याला १० गुण व दुसऱ्याला बहुधा ९ गुण देतात. हा गुणांचा हिशेब वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

या खेळाचा आरंभ फारसा भूषणावह नव्हता. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर शहरात 'यूएफसी'चा पहिला कार्यक्रम झाला, तेव्हा वजनगट नव्हते आणि नियमही नावापुरतेच होते. कोणती युद्धविद्या श्रेष्ठ, हे पाहण्याची ती हौस होती. त्या स्पर्धेत रॉयस ग्रेसी हा तुलनेने सडपातळ ब्राझिलियन आपल्याहून दांडग्या गड्यांना गळफास व पकडी घालून विजयी झाला आणि लोक चकित झाले. परंतु विरोधही तितकाच झाला. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांच्या कोंबडझुंजीची उपमा दिली आणि १९९६ साली राज्याराज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून तो बंद करण्याची मागणी केली. अनेक राज्यांनी बंदी घातली. तगायचे तर खेळाला शिस्त लावणे भाग होते. हळूहळू वजनगट आले, हातमोजे आले, फेऱ्या आल्या आणि २००० सालाच्या सुमारास न्यू जर्सी राज्याच्या पुढाकाराने सर्वमान्य होऊ शकेल अशी नियमावली तयार झाली. याच वेळी, जानेवारी २००१ मध्ये, लास वेगासचे कॅसिनोमालक फर्टिटा बंधू यांनी 'झुफ्फा' नावाची कंपनी काढून बुडत चाललेली 'यूएफसी' २० लाख डॉलरला विकत घेतली. कारभार त्यांनी डेना व्हाइट या आपल्या मित्राकडे सोपवला.

त्याच वर्षी, ३० जून २००१ रोजी, कॅलिफोर्नियातील लेमूर या लहान गावी 'डब्ल्यूईसी'चा पहिला कार्यक्रम झाला. स्कॉट ॲडम्स आणि रीड हॅरिस हे तिचे संस्थापक. जागा होती तेथील आदिवासी जमातीच्या मालकीचे कॅसिनो. कॅलिफोर्नियाच्या राज्य आयोगाने या खेळाला अद्याप मान्यता दिली नव्हती, परंतु आदिवासींच्या भूमीवर राज्याचा तो अंमल चालत नसे. म्हणून लढती तेथे होत. थोडक्यात म्हणजे गावच्या उरुसातल्या फडासारखीच ही सुरुवात. मंडप लहान, पैसा बेताचा आणि प्रेक्षक आसपासचे. पण नवीन गड्याला उभे राहायला एक जागा झाली.

डिसेंबर २००६ मध्ये 'झुफ्फा'ने ही संस्था विकत घेतली. येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या हाती 'यूएफसी'सारखे मोठे दुकान आहे त्याने शेजारचे लहान दुकान विकत घेऊन ते बंद न करता वेगळे का चालवावे? याला दोन कारणे होती. पहिले कारण दूरचित्रवाणीचे. 'यूएफसी' त्या वेळी 'स्पाइक' या वाहिनीशी बांधलेली होती. 'व्हर्सस' नावाच्या दुसऱ्या वाहिनीलाही या खेळाचे कार्यक्रम हवे होते. ते आपण दिले नाहीत तर दुसरा कोणी प्रतिस्पर्धी देणार, हे उघड होते. म्हणून 'डब्ल्यूईसी' त्या वाहिनीवर गेली आणि जून २००७ पासून तिचे कार्यक्रम तेथे दिसू लागले.

दुसरे कारण वजनाचे, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. 'यूएफसी'त त्या काळी १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७० किलो, ही सर्वांत खालची पायरी होती. ती पायरीसुद्धा डळमळीतच. २००३ साली या गटातील अजिंक्यपदाचा सामना बरोबरीत सुटला, तेव्हापासून २००६ पर्यंत त्या गटाला अजिंक्यवीरच नव्हता. हलक्या वजनाच्या लढती पाहायला लोक पैसे देत नाहीत, असा चालकांचा समज. मग ६० किंवा ६५ किलोच्या गड्याने करायचे काय? एक तर आपल्याहून जड माणसांशी लढायचे, नाही तर हा नाद सोडायचा.

आपल्याला यातले मर्म चटकन कळावे. स्वतंत्र भारताला १९५२ साली हेलसिंकी येथे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ५७ किलोच्या 'बँटमवेट' गटात लढले होते. जावा बेटावरच्या बँटम या बंदराच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या लहान पण झुंजार कोंबड्यांवरून या गटाला ते नाव पडले आहे. वजनगटच नसते तर खाशाबांसारखा मल्ल जगाला कोठून दिसला असता? वजनगट म्हणजे दुबळ्याला दिलेली सवलत नव्हे. कौशल्याचे माप कौशल्याशीच व्हावे यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.

'डब्ल्यूईसी'ने ही व्यवस्था केली. २००८ च्या अखेरीस आणि २००९ च्या आरंभी तिने आपले जड गट बंद केले आणि १५५, १४५ व १३५ पौंड हे तीन गट ठेवले. किलोत सांगायचे तर अंदाजे ७०, ६६ आणि ६१. पिंजराही 'यूएफसी'पेक्षा लहान होता. त्यांचा ३० फूट रुंद, तर हिचा २५ फूट. गडी हलके, चपळ आणि दमदार, त्यात पळायला जागा कमी. साहजिकच लढती अशा रंगत की डोळ्याचे पाते लवू नये. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटोचा युरायाह फेबर हा ६६ किलो गटाचा अजिंक्यवीर लोकांच्या गळ्यातला ताईत झाला. नोव्हेंबर २००८ मध्ये माइक ब्राउनने त्याला हरवले. पुढच्या जूनमध्ये फेबरने पुन्हा आव्हान दिले आणि हात दुखावलेला असतानाही पाचही फेऱ्या झुंजून तो गुणांवर हरला. ब्राउनला नोव्हेंबर २००९ मध्ये जोझे आल्डो या ब्राझिलियन तरुणाने नमवले. ॲमेझॉनच्या काठच्या मानाऊस शहरात जन्मलेल्या या आल्डोने त्याच वर्षी एक सामना अवघ्या ८ सेकंदांत जिंकला होता.

असे सगळे असूनही संस्थेची मिळकत थोरल्या बहिणीच्या मानाने बेताचीच राहिली. २४ एप्रिल २०१० रोजी सॅक्रामेंटो येथे आल्डो आणि फेबर यांचा सामना झाला. घरी बसून पाहणाऱ्यांकडून स्वतंत्र पैसे घेऊन दाखवलेला या संस्थेचा हा एकमेव कार्यक्रम. त्याच्या जाहिरातींतून 'डब्ल्यूईसी' ही अक्षरे वगळली होती. नावे होती फक्त मल्लांची, आणि सामन्याचे समालोचन करायला 'यूएफसी'चे नेहमीचे समालोचक बसले होते. मालकाने स्वतःच्याच संस्थेचे नाव तिच्या सर्वांत मोठ्या दिवशी झाकून ठेवावे, यावरून पुढे काय होणार याची कल्पना यायला हवी होती. शिवाय त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात 'यूएफसी'चे सामने 'व्हर्सस' वाहिनीवरही दिसू लागले होते. म्हणजे दुसरे दुकान वेगळे ठेवण्याचे पहिले कारणच संपले होते.

२८ ऑक्टोबर २०१० रोजी डेना व्हाइट यांनी विलीनीकरणाची घोषणा केली. आता तीन अजिंक्यपदांचे काय करायचे, हा प्रश्न आला. त्याचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. ६६ किलोचा गट 'यूएफसी'त नव्हताच, त्यामुळे आल्डोला तेथील अजिंक्यवीर म्हणून घोषित करून नोव्हेंबरमध्ये नवा पट्टा देण्यात आला. ६१ किलोचा गटही तेथे नव्हता. ग्लेनडेल येथे डॉमिनिक क्रूझ आणि स्कॉट जॉर्गेन्सन यांच्यात जो जिंकेल तो 'यूएफसी'चा त्या गटातील पहिला अजिंक्यवीर, असे ठरले. पण ७० किलोचा गट दोन्ही घरांत होता. एका म्यानात दोन तलवारी राहणार कशा? म्हणून धाकट्या घरातला पट्टा रद्द व्हायचा आणि त्याच्या शेवटच्या मानकऱ्याला थोरल्या घरातल्या अजिंक्यवीराला आव्हान देण्याचा हक्क मिळायचा. थोडक्यात, जे थोरल्या घरात नव्हते ते सन्मानाने आत आले. जे होते त्याला दाराशी थांबून वचनावर समाधान मानावे लागले.

१६ डिसेंबरच्या त्या रात्री मल्लांच्या मनात काय असेल? प्रत्येकाला ठाऊक होते की उद्यापासून ही जागा नाही. आज चांगले लढलो तर मोठ्या घरात मान, आणि हरलो तर कोणी विचारील की नाही कोण जाणे. क्रूझने पाच फेऱ्या जॉर्गेन्सनला आपल्या जवळ येऊच दिले नाही. त्याची पावले क्षणभरही एका जागी ठरत नसत. तो आत शिरे, ठोसा देई आणि समोरच्याने हात उचलेपर्यंत बाजूला झालेला असे. तिन्ही पंचांनी पाचही फेऱ्या त्याला दिल्या.

त्यानंतर शेवटचा सामना. ७० किलो गटाचा अजिंक्यवीर बेन हेंडरसन याची सरावाची जागा ग्लेनडेलच, म्हणजे फड त्याच्या घरचा. आव्हानवीर अँथनी पेटिस हा मिलवॉकी शहरातला २३ वर्षांचा तरुण, पाचव्या वर्षापासून तायक्वांदो शिकलेला. चार फेऱ्या झाल्या तरी पारडे कोणाचे जड हे सांगणे कठीण होते. कधी हा वर, कधी तो. एकाने पकड घातली की दुसरा ती सोडवून त्याच्यावर उलटे. पाचव्या फेरीत चार मिनिटे होत आली असताना हेंडरसन जाळीच्या बाजूने सरकत होता. पेटिस त्याच्या दिशेने धावला, उजवा पाय जाळीवर रोवून त्याने उसळी घेतली आणि हवेतच तोच उजवा पाय फिरवून हेंडरसनच्या चेहऱ्यावर हाणला. हेंडरसन खाली कोसळला. हा असा डाव लोकांनी चित्रपटात पाहिला असेल, प्रत्यक्ष अजिंक्यपदाच्या लढतीत तो कोणी यशस्वी करील असे वाटले नव्हते. हेंडरसनची मात्र कमाल म्हणायची. पडल्या जागी मार खात त्याने स्वतःला सावरले आणि शेवटच्या घंटेपर्यंत तो टिकला.

निकाल पंचांवर गेला. एकाने पेटिसला ४९ विरुद्ध ४६ असे गुण दिले. उरलेल्या दोघांनी ४८ विरुद्ध ४७. मघाचा गुणांचा हिशेब आता आठवावा. या दोघांच्या कागदावर शेवटची फेरी हेंडरसनकडे गेली असती तर आकडे नेमके उलटले असते आणि दोन विरुद्ध एक अशा मताने पट्टा त्याच्याकडेच राहिला असता. म्हणजे त्या एका फेरीवर सारे अवलंबून होते, आणि ती फेरी त्या लाथेने ठरली. पेटिसला 'शोटाइम' हे टोपणनाव होते, त्यावरून ही लाथ 'शोटाइम किक' या नावाने प्रसिद्ध झाली. संस्थेच्या शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या फेरीत तिचा सर्वांत अविस्मरणीय क्षण यावा, हा योग दुर्मीळच म्हटला पाहिजे.

आता पुढचा भाग पाहू. बहुतेक लोक लाथेपाशीच थांबतात, पण विलीनीकरणाचा खरा अर्थ नंतर उलगडतो. पेटिसला वचन मिळाले होते की थोरल्या घरातल्या अजिंक्यवीराशी त्याचा सामना होईल. तो अजिंक्यवीर १ जानेवारी २०११ रोजी ठरणार होता. त्या दिवशी फ्रँकी एडगर आणि ग्रे मेनार्ड यांचा सामना बरोबरीत सुटला. साहजिकच त्या दोघांना पुन्हा लढवणे आले आणि पेटिसचे आव्हान मागे पडले. नुसते बसून वाट पाहण्यापेक्षा त्याने क्ले ग्विडाशी सामना घेतला आणि ४ जून २०११ रोजी तो गुणांवर हरला. वचन तेथेच विरले. कोणी लबाडी केली असे नाही. परंतु स्वतःच्या घरात तो अजिंक्यवीर होता. दुसऱ्याच्या घरात जाताच तो रांगेतला एक उमेदवार झाला. आणि गंमत अशी की ग्लेनडेलला हरलेल्या हेंडरसनने त्याच ग्विडाला नमवले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये जपानमधील सायतामा येथे एडगरला हरवून 'यूएफसी'चा पट्टा आधी मिळवला. पेटिसला त्याची पाळी यायला ३१ ऑगस्ट २०१३ उजाडावे लागले. त्या दिवशी मिलवॉकी या आपल्या गावी त्याने पहिल्याच फेरीत हेंडरसनचा हात पकडीत घेऊन त्याला शरण आणले.

विलीनीकरणाचा जमाखर्च मांडायचा तर जमेची बाजू मोठी आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. ज्या गड्यांना जागा नव्हती त्यांना जगातल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर जागा मिळाली. आल्डो २०१५ च्या डिसेंबरपर्यंत गाजत राहिला. क्रूझ दुखापतींमुळे वर्षानुवर्षे बाहेर राहिला, त्याचा पट्टा गेला, तरी जानेवारी २०१६ मध्ये परत येऊन त्याने तो पुन्हा जिंकला. मधल्या काळात तो पट्टा ज्या रेनान बारावकडे होता, तोही ग्लेनडेलच्या त्या रात्री लढलेलाच. २०१२ साली १२५ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ खाशाबांच्याच वजनाचा, गट सुरू झाला आणि डिमिट्रियस जॉन्सन हा 'डब्ल्यूईसी'तून आलेला मल्ल त्याचा पहिला अजिंक्यवीर ठरला. या खेळाचे नाव ज्याने घरोघर पोचवले त्या आयर्लंडच्या कॉनर मॅग्रेगरने 'यूएफसी'चे निर्विवाद अजिंक्यपद आल्डोला १३ सेकंदांत पाडून मिळवले, तेही ६६ किलोच्याच गटात. हलक्या गड्यांसाठी लोक पैसे देत नाहीत, हा समज किती पोकळ होता ते यावरून दिसते.

मग खर्चाच्या बाजूला काय? तेथे एकच नोंद आहे, पण ती फार भारी आहे. मल्लाच्या दृष्टीने लढत भरवणारी संस्था म्हणजे त्याच्या कष्टाची गिऱ्हाईक. गिऱ्हाइके दोन असली की भाव बोलता येतो. एकच उरले की मिळेल ते घ्यावे लागते. आपल्याकडे 'एकाधिकार खरेदी' हा शब्द १९७२ साली सुरू झालेल्या कापूस योजनेमुळे रूढ झाला. तेथे खरेदीदार एकच असला तरी तो सरकार होता आणि हमीभावाला निदान बांधलेला होता. खासगी मालक तसा बांधलेला नसतो. 'झुफ्फा'ने २००७ साली जपानची नामांकित 'प्राइड' संस्था घेतली. तिचा शेवटचा कार्यक्रम त्याच वर्षीच्या ८ एप्रिलला झाला. २०११ साली तिने 'स्ट्राइकफोर्स' घेतली आणि १२ जानेवारी २०१३ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे तिचाही शेवटचा कार्यक्रम झाला. एकामागून एक आखाडे असे बंद होत गेले.

याचा परिणाम मल्लांना जाणवत होता. अमेरिकेतील बास्केटबॉल वा फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंना संघटना आहेत आणि उत्पन्नाचा साधारण निम्मा वाटा त्यांच्याकडे जातो. या मल्लांना संघटना नव्हती. कायद्याच्या भाषेत ते नोकर नव्हते, स्वतंत्र कंत्राटदार होते. १६ डिसेंबर २०१४ रोजी कंग ली आणि इतर काही मल्लांनी 'झुफ्फा'वर दावा लावला. प्रतिस्पर्धी संस्था विकत घेऊन आणि मल्लांना दीर्घ करारांत अडकवून कंपनीने आपला एकाधिकार निर्माण केला, त्यामुळे उत्पन्नाचा पाचवा हिस्साही मल्लांच्या वाट्याला येत नाही, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने आरोप नाकारले. खेळ आम्ही वाढवला, त्याबरोबर मल्लांची कमाईही वाढली, असा तिचा पक्ष होता.

दाव्याची ती तारीख लक्षात घ्या. ग्लेनडेलच्या त्या रात्रीला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. असा दावा लावण्यासाठी अमेरिकी कायद्यात चार वर्षांची मुदत असते, म्हणून नुकसानीचा हिशेब चार वर्षे मागे, १६ डिसेंबर २०१० पासून धरला गेला. तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. परंतु 'डब्ल्यूईसी' ज्या दिवशी मिटली त्याच दिवसापासून मल्लांच्या तक्रारीची वही उघडावी, यापेक्षा समर्पक योगायोग शोधून सापडायचा नाही. खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. २०२४ च्या जुलैमध्ये ३३ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड न्यायाधीशांनी अपुरी मानून फेटाळली. पुढे ३७ कोटी ५० लाख डॉलरवर तोड निघाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला अंतिम मंजुरी मिळाली. २० लाखांना घेतलेली 'यूएफसी' फर्टिटा बंधूंनी २०१६ सालीच सुमारे ४०० कोटी डॉलरला विकली होती. या आकड्याशेजारी तडजोडीची रक्कम ठेवली म्हणजे दोन्ही बाजूंच्या पदरात काय पडले त्याचा अंदाज येतो.

येथे एका गैरसमजापासून मात्र सावध राहिले पाहिजे. दुसरे गिऱ्हाईक २०१० साली नाहीसे झाले असे म्हणणे बरोबर नाही. ते नाहीसे झाले डिसेंबर २००६ मध्ये, मालक एक झाला तेव्हाच. पुढची चार वर्षे दुकाने दोन होती, पण गल्ला एकच होता. 'यूएफसी'चा भाव पटला नाही म्हणून 'डब्ल्यूईसी'कडे जाईन, असे म्हणण्याची सोय कोणाला राहिली नव्हती. ग्लेनडेलच्या रात्री खाली उतरवली गेली ती फक्त पाटी. आपण सगळे पाटी उतरते त्या दिवशी हळहळतो. मालकी बदलते त्या दिवशी आपल्याला पत्ताही नसतो, किंवा असला तरी त्याचे काही वाटत नाही, कारण फड पूर्वीसारखाच भरत असतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या उदाहरणाकडे पाहावे ते याचसाठी. विलीनीकरण चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. दोन प्रश्न वेगळे करून विचारावेत. त्या माणसांना पूर्वी नव्हती अशी जागा मिळाली काय? आणि ती जागा पसंत नसेल तर उठून दुसरीकडे जाण्याची मोकळीक त्यांना राहिली काय? 'डब्ल्यूईसी'च्या मल्लांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे आणि दुसऱ्याचे नकारार्थी. दोन्ही उत्तरे एकाच वेळी खरी आहेत. एका उत्तराच्या आनंदात दुसरे विसरले तर हिशेब चुकतो.

पेटिसने त्या रात्री जिंकलेला पट्टा त्याच्याकडून कोणी हिरावून घेऊ शकले नाही, कारण तो पट्टा जिंकण्यासाठी पुन्हा सामनाच झाला नाही. तो त्या गटाचा शेवटचा अजिंक्यवीर म्हणून राहिला. मान मोठा खरा. पण मल्लाला नुसता मान पुरत नाही. त्याला उद्याचा सामना हवा असतो, आणि तो कोणत्या आखाड्यात घ्यायचा हे निवडण्याची मुभाही हवी असते.